मुक्त आणि फुकट : मराठी चर्चास्थळांची आज्ञावली व वाङ्मयीन संवादाचे रूप

१

वाङ्मयेतिहासात लेखक, कृती, प्रवाह आणि संप्रदाय यांची नोंद होते. लेखन ज्या साधनांच्या द्वारे वाचकापर्यंत पोहोचले त्यांची नोंद बहुधा परिशिष्टात जाते. शिळाछाप, खिळे, चक्रमुद्रण ही मुद्रणाच्या इतिहासाची सामग्री आहे, वाङ्मयविचाराशी तिचा संबंध बाह्य आहे, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात लोकहितवादींचे लेखन प्रसिद्ध झाले. आशयाने ते निबंधच होते. परंतु ते ‘पत्रे’ म्हणून छापले गेले आणि ‘शतपत्रे’ म्हणून ओळखले गेले. संपादक नसलेल्या व्यक्तीने बोलण्यासाठी वृत्तपत्राच्या मांडणीत जी जागा राखलेली होती तिचे नाव ‘पत्र’ असे होते. मराठी वैचारिक गद्याचा एक महत्त्वाचा प्रकार अशा रीतीने साधनाच्या मांडणीतून आकारास आला.

पुढील शतकात चक्रमुद्रण यंत्राने असेच एक स्थित्यंतर घडविले. १९५० नंतरच्या दशकात रमेश समर्थ, अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे यांचे ‘शब्द’ निघाले. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे ‘असो’ निघाले. त्यापाठोपाठ ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’ अशी अनियतकालिकांची मालिका सुरू झाली. छापखाना, भांडवल आणि प्रतिष्ठित संपादक यांच्या मध्यस्थीवाचून लेखन प्रसिद्ध करता येते, हे या चळवळीने सिद्ध केले. मात्र तिच्या साधनाची एक मर्यादा होती. चक्रमुद्रित पानावर वाचकाच्या उत्तरासाठी जागा नव्हती. ज्याला उत्तर द्यावयाचे असेल त्याने स्वतःचे अनियतकालिक काढावे, हाच एक मार्ग होता. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. या घटनेचा अर्थ सामान्यतः अभिरुचीच्या संघर्षात शोधला जातो, आणि तो योग्यच आहे. पण ज्या व्यवस्थेत वाचकाचा नकार मासिकाच्या आत नोंदविता येत नाही, त्या व्यवस्थेत तो मासिकाच्या बाहेर, आगीच्या रूपाने प्रकट होतो, असाही या घटनेचा अन्वय लावता येईल.

वाचकाच्या उत्तराला मूळ लेखनाच्या खाली, त्याच पृष्ठावर, त्याच लिपीत आणि तितक्याच ठळकपणे स्थान देणारे साधन मराठीला विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी लाभले. सामूहिक लेखन आणि चर्चा यांसाठी रचलेल्या मुक्तस्रोत संगणक-आज्ञावल्या हे ते साधन होय. या आज्ञावल्यांनी मराठी वाङ्मयीन संवादाला कोणते रूप दिले, मराठी समाजाने त्यांचा स्वीकार कोणत्या अर्थाने केला, आणि त्या स्वीकारात काय निसटले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रथम संज्ञांचा उलगडा आवश्यक आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. त्यांच्या प्रतिपादनात चार स्वातंत्र्ये केंद्रस्थानी आहेत : आज्ञावली कोणत्याही प्रयोजनासाठी चालविण्याचे, तिची मूळ संहिता वाचून तिच्यात बदल करण्याचे, तिच्या प्रती इतरांना देण्याचे आणि आपण बदललेली प्रत प्रसृत करण्याचे. १९८९ मध्ये सिद्ध झालेल्या ‘जनरल पब्लिक लायसन्स’ या परवान्याने या स्वातंत्र्यांना कायद्याचे रूप दिले. या परवान्याची युक्ती अशी, की तो स्वामित्वहक्काच्याच आधाराने स्वामित्वाची नेहमीची फलश्रुती उलटवितो. बदललेली प्रत जो इतरांना देईल त्याने तीच स्वातंत्र्येही पुढे दिली पाहिजेत.

‘फ्री’ या इंग्रजी शब्दाने या चळवळीपुढे कायमची अडचण उभी केली, कारण त्याचे ‘मुक्त’ आणि ‘विनामूल्य’ असे दोन्ही अर्थ होतात. आपल्याला पहिला अर्थ अभिप्रेत आहे, हे स्टॉलमन यांना वारंवार सांगावे लागले. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ ही पर्यायी संज्ञा पुढे आली. तिने संदिग्धता टाळली, पण तिच्याबरोबर भरही बदलला. स्वातंत्र्याच्या नैतिक आग्रहाऐवजी उघड्या संहितेमुळे आज्ञावली अधिक निर्दोष आणि उपयुक्त होते, हा व्यावहारिक युक्तिवाद अग्रभागी आला. मराठीला ही अडचण मुळातच नव्हती. ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन शब्द आपल्याकडे स्वतंत्र आहेत. इतकेच नव्हे, तर त्यांच्या मूल्यछटाही परस्परविरुद्ध आहेत. मुक्तीच्या मागे संतपरंपरेचे सारे गांभीर्य उभे आहे, तर फुकटाच्या मागे किंचित उपहास. भाषेने आयती करून दिलेली ही विभागणी व्यवहारात मात्र टिकली नाही, हे पुढे दिसेल.

चर्चेसाठीच्या आज्ञावल्यांचा इतिहास याच काळात घडतो. १९९७ मध्ये रॉब माल्डा यांनी अमेरिकेत ‘स्लॅशडॉट’ सुरू केले. त्यामागील ‘स्लॅश’ ही आज्ञावली पर्ल भाषेत लिहिलेली होती आणि पुढे तिची संहिता खुली झाली. हजारो वाचकांच्या उत्तरांतून वेचक उत्तरे वर कशी आणावीत, हा तिच्यापुढील प्रश्न होता. तिने काही वाचकांना मर्यादित काळापुरते गुणांकनाचे अधिकार दिले आणि प्रत्येक उत्तराला एकशब्दी शेरा जोडण्याची सोय केली. १९९९ च्या अखेरीस रस्टी फॉस्टर यांनी ‘क्युरोफाइव्हहिन’ सुरू केले. त्यासाठी लिहिलेली ‘स्कूप’ ही आज्ञावली आणखी एक पाऊल पुढे गेली. तिच्यात सदस्याने पाठविलेला लेख प्रथम सर्वांसमोर मतदानासाठी ठेवला जाई, आणि पुरेशी अनुकूल मते मिळाली तरच तो प्रसिद्ध होई. संपादक या संस्थेचे कार्य येथे वाचकसमूहात वाटले गेले होते.

तिसरी आज्ञावली मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. बेल्जियममधील अँटवर्प येथे ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याने आपल्या वसतिगृहातील सोबत्यांना निरोप ठेवता यावेत म्हणून एक लहानशी रचना सिद्ध केली होती. शिक्षण संपल्यावर ती महाजालावर नेताना त्याला ‘डॉर्प’, म्हणजे डच भाषेत गाव, असे नाव घ्यावयाचे होते. टंकनातील चुकीने ते ‘ड्रॉप’, म्हणजे थेंब, असे झाले. जानेवारी २००१ मध्ये ही आज्ञावली मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाली तेव्हा थेंबासाठीच्या डच शब्दावरून तिचे नाव ‘ड्रुपल’ असे ठेवण्यात आले. गाव म्हणून कल्पिलेली ही वस्तू थेंब म्हणून जन्माला आली. परंतु तिच्या रचनेत गावाची कल्पना टिकून राहिली. ओळख असलेले रहिवासी, त्यांची नावे, चावडीवर ठेवलेला विषय, त्यावर उमटणारे बोल आणि व्यवस्था पाहणारा पाटील, हे सारे तिच्यात आहे.

३

मराठीत या प्रकारचा संवाद आज्ञावल्यांच्या आधीच सुरू झालेला होता. ‘यूजनेट’वरील मराठी भाषिकांच्या गटात रोमन लिपीतून मराठी लिहिली जात होती. १९९६ मध्ये अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून ‘मायबोली’ सुरू केली. तिचा ‘हितगुज’ हा विभाग परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या परस्परसंवादाचे केंद्र झाला. या पहिल्या पर्वात मुख्य अडथळा लिपीचा होता. भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये निश्चित झाले होते, त्याच वर्षी ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते, परंतु सामान्य संगणकावर त्याचा लाभ मिळण्यास आणखी दशकभर वाट पाहावी लागली. तोवर रोमन लिप्यंतर किंवा विशिष्ट टंकावर अवलंबून असलेली देवनागरी हेच पर्याय होते. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात अर्थहीन चिन्हांचा पुंज ठरे. संहिता म्हणून त्याला स्थैर्य नव्हते.

युनिकोड प्रत्यक्ष व्यवहारात आल्यानंतरचे पर्व म्हणजे मराठी चर्चास्थळांचे खरे पर्व होय. २००४ मध्ये महेश वेलणकर यांनी ‘मनोगत’ सुरू केले. २००७ मध्ये ‘उपक्रम’ आणि चंद्रशेखर ऊर्फ तात्या अभ्यंकर यांचे ‘मिसळपाव’ ही दोन स्थळे निघाली. २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’ सुरू झाले. या चारही स्थळांनी ड्रुपलचा आधार घेतला; पुढे मायबोलीनेही तो घेतला. या सर्व स्थळांवरील लेखांच्या पत्त्यात ‘नोड’ हा एकच शब्द आणि त्यापुढे एक क्रमांक आढळतो. कविता असो, पाककृती असो वा भाषाशास्त्रावरील वाद असो, आज्ञावलीच्या लेखी तो एक ‘नोड’ आहे, आणि त्याखाली जे लिहिले जाते ते त्यावर अवलंबून असणारे ‘कॉमेंट’ आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील मराठी वाङ्मयीन चर्चेचा मोठा भाग या एकाच व्याकरणात लिहिला गेला आहे.

त्याच सुमारास आणखी एक मुक्त आज्ञावली मराठीत आली होती. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ‘मीडियाविकी’वर चालतो. तिचे तत्त्व वेगळे आहे. तेथे लेख सर्वांचा असतो, कोणीही तो बदलतो, आणि मतभेद चर्चापानावर, पडद्यामागे राहतो. ड्रुपलच्या रचनेत लेख एका नावाचा असतो आणि मतभेद त्याच्या खाली उघडपणे साचत जातो. विकीचा आदर्श सहमतीचा, तर चर्चास्थळांचा विवादाचा. मराठी लेखकवाचकांची अधिक वर्दळ या दुसऱ्या प्रकाराभोवती राहिली, याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा वादविवादाच्या दीर्घ मराठी परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

४

या व्याकरणातून निर्माण झालेला सर्वांत लक्षणीय वाङ्मयप्रकार म्हणजे ‘प्रतिसाद’. तो पत्र नाही, कारण तो एका व्यक्तीला उद्देशून नसतो. समीक्षालेख नाही, कारण त्याला स्वतंत्र अस्तित्व नसते. आणि संभाषणही नाही, कारण तो लिखित असून टिकतो. त्याचे सर्वांत जवळचे नाते भारतीय टीकापरंपरेशी आहे. सूत्र, भाष्य, वार्तिक अशा उतरंडीत प्रत्येक संहिता आपल्या आधीच्या संहितेवर विसंबून असते, आणि तरीही भाष्य कित्येकदा मूळ ग्रंथाहून मोठे ठरते. चर्चास्थळांवरही मूळ लेख निमित्तमात्र राहून प्रतिसादांतून अधिक मौलिक विवेचन उभे राहिल्याचे वारंवार घडले. पण भाष्यकार आपल्या आधीची संपूर्ण संहिता डोळ्यांपुढे ठेवून लिहीत असे. प्रतिसादक बहुधा तिच्यातील एखाद्या वाक्याला उत्तर देतो. ‘धागा’ हा शब्द मराठीने या रचनेसाठी स्वीकारला तो अन्वर्थक आहे. धागा वीण होण्याची शक्यता बाळगतो, आणि भरकटण्याचीही.

रचनेतील लहानशा भेदांचा परिणाम किती दूरवर जातो, हे मायबोली आणि इतर स्थळे यांच्या तुलनेत दिसते. मायबोलीवर प्रतिसाद कालक्रमाने एकाखाली एक येतात. वाचणाऱ्याला बैठकीत बसल्याचा अनुभव येतो आणि कोणाचे उत्तर कोणाला आहे हे लेखकाला शब्दांनी सांगावे लागते. मनोगत, मिसळपाव, ऐसी अक्षरे यांवर उपप्रतिसाद मूळ प्रतिसादाखाली आत सरकून येतात. तेथे संबोधनाची गरज उरत नाही, कारण रचनाच संबोधन करते. पहिल्या पद्धतीत समूहाचा सूर टिकतो, दुसरीत दोन व्यक्तींचा वाद समूहापासून अलग होऊन खोल जातो. मायबोलीवरील ‘वाहते पान’ हा प्रकार तर विशेष अभ्यासनीय आहे. त्या पानावर नवे बोल येतात तसे जुने बोल नाहीसे होतात. लेखनाच्या माध्यमात मौखिकतेचा नश्वर धर्म येथे जाणीवपूर्वक राखलेला आहे. नोंद ठेवणे हा ज्या माध्यमाचा स्वभाव, त्यातच विसरण्याची सोय करून घेण्याची ही कल्पना गप्पांच्या स्वरूपाविषयीची सूक्ष्म समज दर्शविते.

दुसरी गोष्ट दृश्यतेची. ज्या लेखावर नवा प्रतिसाद आला तो सूचीत वर येतो, असा या आज्ञावलीचा सामान्य नियम आहे. त्यामुळे वाङ्मयमूल्याला एक अघोषित प्रमाण मिळाले : प्रतिसादांची संख्या. शंभरावा प्रतिसाद साजरा होऊ लागला. निःशब्द करणारी कविता तीन प्रतिसादांनिशी खाली गेली आणि किरकोळ कारणावरून पेटलेला वाद आठवडाभर शिखरावर राहिला. उत्तर न सुचणे हीही वाचनाची एक श्रेष्ठ प्रतिक्रिया असू शकते, याची नोंद करणारे चिन्ह या व्याकरणात नाही. मौन तेथे उपेक्षेपासून वेगळे ओळखता येत नाही.

तिसरी गोष्ट लेखकनामाची. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, कुसुमाग्रज अशा टोपणनावांची मराठी परंपरा समृद्ध आहे. परंतु तेथे नाव वाङ्मयीन व्यक्तित्वाचे असते आणि व्यक्ती कोण हे सर्वांना ठाऊक असते. चर्चास्थळांवरील सदस्यनाम व्यक्तीला झाकते, आणि तरीही प्रत्येक लेखनाशी जोडलेले राहून तिचा पूर्वेतिहास उघडा ठेवते. लेखक ही जैविक व्यक्ती नसून संहितांना एकत्र बांधणारे कार्य आहे, असे मिशेल फुको यांनी १९६९ मध्ये मांडले होते. सदस्यनाम हे त्या मांडणीचे जणू यांत्रिक उदाहरण आहे. जात, लिंग, वय, पदवी यांच्या ओझ्यावाचून बोलण्याची संधी त्याने दिली, आणि जबाबदारीवाचून बोलण्याचीही. एकाच व्यक्तीने अनेक नावे धारण करून स्वतःलाच दुजोरा देण्याचे प्रकार घडले, आणि त्यासाठी ‘डुआयडी’ हा शब्दही रूढ झाला. एवढे मात्र खरे की ‘लेखकराव’ या संज्ञेने भालचंद्र नेमाडे यांनी ज्या प्रतिष्ठाव्यवस्थेवर बोट ठेवले होते, ती व्यवस्था या पृष्ठांवर फारशी उभी राहू शकली नाही. तिच्या जागी दुसरी, नियमित हजेरीवर आधारलेली प्रतिष्ठा आली.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मराठी समाजाने ही आज्ञावली मुक्त म्हणून स्वीकारली की फुकट म्हणून?

स्थळे चालविणारे लोक बहुधा आपला वेळ आणि पदरचा पैसा खर्च करणारे हौशी होते. आज्ञावलीसाठी मोल द्यावे लागले असते तर यांतील बहुतेक स्थळे निघालीच नसती. तेव्हा फुकटाचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु मुक्ततेचा अर्थ, म्हणजे संहिता वाचून आपल्या गरजेनुसार बदलण्याचा अधिकार, जेथे वापरला गेला तेथेच स्वतंत्र वाङ्मयीन संस्कृती उभी राहिली, असे या इतिहासातून दिसते. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’ने रोमन कळफलकावरून देवनागरी लिहिण्याची सोय लेखनाच्या चौकटीतच करून दिली आणि ती अनेक स्थळांनी अंगीकारली. ज्यांना टंकलेखनाचे शिक्षण नव्हते असे अनेक लोक त्यामुळे लेखक झाले. मनोगताने टंकनाच्या सोयीबरोबर शुद्धलेखन तपासण्याची व्यवस्था जोडली, आणि ‘संकेतस्थळ’, ‘प्रशासक’, ‘व्यक्तिगत निरोप’ अशा शब्दांचा आग्रह धरून यंत्राच्या दर्शनी भागालाच मराठी वळण दिले. उपक्रमाने कथाकविता वगळून माहिती व विचार यांपुरते क्षेत्र मर्यादित केले. मिसळपावाने विभागांना ‘काथ्याकूट’, ‘जनातलं, मनातलं’ अशी नावे देऊन मनोगताच्या शुद्धतेला जणू बोलीभाषेतून उत्तर दिले. एकाच आज्ञावलीवर उभ्या असलेल्या या दोन स्थळांत प्रमाणभाषा आणि बोलभाषा यांच्यातील जुना मराठी वाद नव्याने खेळला गेला.

या दृष्टीने ऐसी अक्षरे या स्थळावरील श्रेणीपद्धती विचारार्ह आहे. ज्ञानेश्वरीतून नाव घेतलेल्या या स्थळाने प्रतिसादांना ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘रोचक’, ‘विनोदी’, ‘खवचट’, ‘अवांतर’, ‘निरर्थक’ असे शेरे देण्याची सोय केली. स्लॅशडॉटच्या पद्धतीशी तिचे नाते उघड आहे. पण ही शब्दावली भाषांतरित नाही. ‘खवचट’ या शब्दाला जी मराठी चव आहे ती इंग्रजी मूळाला नाही, आणि खवचटपणा हा दोष की गुण, याचा निर्णय मराठी अभिरुचीने कायम खुला ठेवलेला आहे. समीक्षेची परिभाषा येथे एका शब्दात आटविली गेली. काव्यशास्त्रातील गुणदोषविवेचनाची ही अतिसंक्षिप्त आवृत्ती वाचकाला निर्णयाचा अधिकार देते, पण निर्णयाची कारणे देण्यापासून त्याला मुक्तही करते. यातील लाभ आणि हानी दोन्ही समीक्षाव्यवहाराने गंभीरपणे तपासली पाहिजेत.

याउलट जेथे आज्ञावली केवळ फुकट म्हणून घेतली गेली, तेथे तिची दिलेली मांडणी निसर्गनियमासारखी मानली गेली. संपादनाचा अधिकार कोणाकडे असावा, लेखन काढून टाकल्यास कारण नोंदवावे काय, दृश्यतेचे प्रमाण कोणते, हे प्रश्न व्यक्तींच्या भांडणाच्या रूपाने वारंवार उद्भवले. रचनेचे प्रश्न म्हणून ते क्वचितच मांडले गेले. स्कूपसारखी आज्ञावली संपादनाचा अधिकार समूहात वाटून देते, हे उदाहरण उपलब्ध असूनही मराठी स्थळांवरील असंतोषाने बहुधा नव्या स्थळाची वाट धरली. या बाबतीत चर्चास्थळांनी अनियतकालिकांचीच परंपरा चालविली : मतभेद झाला की नवे व्यासपीठ. लॉरेन्स लेसिग यांनी १९९९ मध्ये असे दाखविले होते, की संगणकीय अवकाशात आज्ञासंहिता कायद्याचेच काम करते. कायदा बदलण्याचा अधिकार हाती असताना नागरिकांनी गाव सोडून जाणे पसंत करावे, ही मुक्ततेची अपुरी जाण म्हणावी लागेल.

६

या संवादाच्या सीमा कोठे पडतात, हे पाहण्यासाठी केंद्रापासून दूर जाणे आवश्यक आहे. ‘पेठ’ हा मराठी शब्द बाजाराचा, वर्दळीचा, देवाणघेवाणीचा वाचक आहे. त्याच नावाचा नाशिक जिल्ह्यातील तालुका नाशिकहून गुजरातेकडे जाणाऱ्या घाटमार्गावर वसलेला असून तेथील बहुतांश लोकसंख्या कोकणा, महादेव कोळी, वारली इत्यादी आदिवासी जमातींची आहे. कोकणा बोली पेठ, सुरगाणा या भागांत आणि सीमेपलीकडे डांगमध्ये बोलली जाते. थाळीवर मेणाने काडी उभी करून तिच्या नादावर सांगितल्या जाणाऱ्या कथा, डोंगऱ्यादेवाचा उत्सव, मुखवट्यांचा भोवाडा अशी या प्रदेशाची वाङ्मयीन संपत्ती मौखिक आणि प्रयोगरूप आहे. कथेला श्रोत्याचा हुंकार लागतो. तो थांबला की कथनही थांबते. प्रतिसादाविना पूर्ण न होणारी संहिता ही कल्पना या परंपरेला ड्रुपलकडून शिकण्याची गरज नव्हती.

तरीही मराठी चर्चास्थळांच्या वाङ्मयीन दप्तरात या परंपरेचे स्वतःचे बोल जवळजवळ उमटलेले नाहीत. आदिवासींविषयी लेखन झाले. आदिवासी बोलीतून संवाद झाला नाही. याचे एक कारण वीज, संगणक आणि जोडणी यांच्या विषम वाटणीत आहे, आणि ते सर्वपरिचित आहे. दुसरे कारण आज्ञावलीच्या व्याकरणात आहे. ती लिहिता येण्यावर उभी आहे, आणि मराठीत तिच्याशी जोडलेली शुद्धलेखनाची चिकित्सा १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या नियमांची परंपरा पुढे चालविते. कोकणा बोलीतील वाक्य या चिकित्सेपुढे ठेवले तर त्यातील अनेक शब्द अशुद्ध ठरतील. युर्गेन हाबरमास यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात युरोपातील कॉफीगृहे आणि नियतकालिके यांतून उदयास आलेल्या सार्वजनिक अवकाशाचे वर्णन केले, तेव्हा त्या अवकाशातून कोण वगळले गेले, हा प्रश्न त्यांच्या टीकाकारांनी उपस्थित केला होता. मराठी चर्चास्थळांनाही तो लागू पडतो.

या अडचणीवर उपाय नाही असे नव्हे. २०१० मध्ये शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने छत्तीसगढमध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ने साध्या दूरध्वनीवरून निवेदन ध्वनिमुद्रित करण्याची आणि इतरांची निवेदने ऐकण्याची सोय केली. गोंडी भाषकांना त्यामुळे आपल्या भाषेत सार्वजनिक बोलता आले. या व्यवस्थेच्या मुळाशीही मुक्त आज्ञावलीच होती. येथे मुक्ततेचा पूर्ण अर्थ वापरला गेला. दिलेल्या साधनाला लेखनाच्या गृहीतातून सोडवून वाणीच्या बाजूला वळविण्यात आले. पेठेच्या थाळकथेला आणि तिच्या हुंकाराला सामावून घेणारी रचना मराठीत झाली नाही, याचे कारण तंत्राच्या अभावात नाही. तशी गरज मराठी वाङ्मयीन समाजाला जाणवली नाही, हे ते कारण आहे.

७

या इतिहासाचा शेवटचा प्रश्न जतनाचा आहे, आणि तो तातडीचा आहे. मुक्त परवाना आज्ञावलीला लागू होतो. तिच्यात साठविलेल्या लेखनाला नाही. लेखनाचे स्वामित्व लेखकाचे, साठा चालकाच्या संगणकावर, आणि वाचकाच्या हाती केवळ पत्ता. संहिता या शब्दाचे दोन अर्थ येथे परस्परविरोधी होतात : यंत्राची संहिता सर्वांना खुली, वाङ्मयाची संहिता एका चालकाच्या इच्छेवर आणि सामर्थ्यावर अवलंबून. स्कूपची संहिता खुली होती. तरीही ज्या स्थळासाठी ती लिहिली गेली ते क्युरोफाइव्हहिन २०१६ मध्ये बंद पडले आणि तेथील लेखनाचा साठा आपल्या पत्त्यावरून नाहीसा झाला. ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले तेव्हा तेथील मराठी समूहांचे संवाद विखुरले. ड्रुपलच्या सहाव्या आवृत्तीचा अधिकृत सांभाळ फेब्रुवारी २०१६ मध्ये आणि सातव्या आवृत्तीचा ५ जानेवारी २०२५ रोजी थांबला. जुन्या आवृत्तीवर उभे असलेले स्थळ नव्या आवृत्तीत नेणे हे कष्टाचे आणि कौशल्याचे काम आहे. ते न झाल्यास स्थळ हळूहळू असुरक्षित होऊन एके दिवशी उघडेनासे होते.

दरम्यान मराठी संवादाचा ओघ मोठ्या कंपन्यांच्या बंदिस्त व्यासपीठांकडे वळला. तेथे फुकट आहे, मुक्त काही नाही. आज्ञावली वाचता येत नाही, दृश्यतेचे प्रमाण ठाऊक नाही, जुने लेखन शोधून काढणे दुरापास्त आहे. चर्चास्थळांचा काळ त्यामुळे आधीच इतिहासजमा वाटू लागला आहे. पण २००४ नंतरच्या दशकातील मराठी वाचकाची अभिरुची, तिचे वाद, तिचा विनोद, तिची भाषा यांचा इतका सविस्तर पुरावा अन्यत्र कोठेही उपलब्ध नाही. ‘प्रभाकर’ किंवा ‘सत्यकथे’चे वाचक काय म्हणाले हे आज फार थोडे कळते, कारण त्यांचे बोल साधनाने नोंदविलेच नाहीत. येथे ते नोंदविले गेले आहेत. अनियतकालिकांचे अंक काही संग्राहकांच्या कपाटांमुळे वाचले. डेटाबेस कपाटात ठेवून वाचत नाही, तो चालता ठेवावा लागतो.

विद्यापीठीय मराठी विभाग, ग्रंथालये आणि वाङ्मयीन संस्था यांनी लेखक व चालक यांच्या संमतीने या संग्रहांच्या प्रती घेणे, त्यांचे सूचीकरण करणे, आणि प्रतिसादासह लेख हे एकक मानून त्यांच्या अभ्यासाची पद्धती सिद्ध करणे, ही यापुढील कामे आहेत. लेख प्रतिसादांपासून तोडून पुस्तकरूपाने छापला तर त्याचे रूपच हरवते. शतपत्रांतून ‘प्रभाकर’ वगळल्यासारखे ते होईल. आज्ञावलीने दिलेले स्वातंत्र्य वाचण्याचे, बदलण्याचे आणि पुढे देण्याचे होते. मराठीने त्यांतील पहिले दोन काही प्रमाणात वापरले. तिसरे, पुढच्या पिढीच्या हाती देण्याचे, अद्याप वापरावयाचे आहे.